गल्लीची रुंदी, घराचं नशीब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घाटकोपर पूर्वेला एक रस्ता आहे. त्याला सगळे '९० फुटी रस्ता' म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. रस्त्याला माणसाचं नाव देण्याची आपली रीत. पण या रस्त्याची रुंदीच लोकांच्या मनात इतकी ठसली, की तेच त्याचं नाव होऊन बसलं. उपनगरांत ६० फुटी, ९० फुटी अशी नावं आणखीही ऐकू येतात. ज्या काळात सगळीकडे बैलगाडी जाईल एवढ्याच वाटा होत्या, त्या काळात अशा रुंदीचं लोकांना अप्रूप वाटलं असणार.

आज या रुंदीला निराळाच अर्थ आला आहे. आपल्या इमारतीसमोरचा रस्ता किती रुंद आहे, यावर ती इमारत पाडून नवी बांधणं परवडेल की नाही, नवी इमारत किती मोठी होईल आणि जुन्या रहिवाशाच्या पदरात किती जागा पडेल, हे ठरू लागलं आहे. विषय कचेरीतला वाटतो. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला पन्नास-साठ वर्षांच्या इमारतीत जो राहतो, ज्याच्या छताचा गिलावा दर पावसाळ्यात थोडाथोडा खाली येतो, त्याला विचारा. त्याच्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे.

नगररचनेचा विषय मी बरीच वर्षं शिकवला. त्या अनुभवावरून तीन गोष्टी सांगायच्या आहेत. रस्त्याची रुंदी आणि घराचे नियम यांचा संबंध काय, तो कसा जोडला गेला, आणि रस्ता करायचा, रुंद करायचा, सुधारायचा, तर त्याचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो.

चटईचा हिशेब

आधी एक शब्द समजून घेऊ. एफएसआय. मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. नाव बोजड आहे, पण त्यातला 'चटई' हा शब्द मोठा समर्पक आहे. समजा, तुमचा प्लॉट १,००० चौरस मीटरचा आहे आणि निर्देशांक १ आहे. म्हणजे सगळ्या मजल्यांवर मिळून तुम्हाला १,००० चौरस मीटरचीच चटई अंथरता येईल. ती दोन मजल्यांवर अंथरा की पाच मजल्यांवर. निर्देशांक २ झाला, की चटई दुप्पट.

मुंबईत १९९१ साली जी विकास नियंत्रण नियमावली आली, तिने शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ असा मूळ निर्देशांक ठेवला. पुढे २०१८ मध्ये नवी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासाठी ती केलेली आहे. उपनगरांचा मूळ निर्देशांक तिने १ च ठेवला, पण त्यावर जास्तीचं किती बांधता येईल हे थेट समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधून टाकलं. त्याआधी २०१६ साली टीडीआरच्या धोरणात याची सुरुवात झालीच होती.

उपनगरांपुरता तक्ता असा आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर १. रस्ता ९ मीटर किंवा जास्त, पण १२.२० मीटरपेक्षा कमी असेल, तर एकूण २. त्यापुढे १८.३० मीटरच्या आत २.२, ३० मीटरच्या आत २.४, आणि ३० मीटर किंवा अधिक रुंद रस्त्यावर २.५. यातला मूळचा १ हा हक्काचा. त्याच्यावरचा अर्धा अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून मिळतो. उरलेला टीडीआर, म्हणजे दुसरीकडच्या जमिनीचे विकास हक्क, बाजारातून विकत घेऊन मिळतो. या सगळ्यावर आणखी ३५ टक्के 'फंजिबल' क्षेत्र असतं. त्यालाही प्रीमियम लागतो, मात्र पुनर्विकासात जुन्या रहिवाशांच्या वाट्याच्या क्षेत्रावर तो घेत नाहीत. जुन्या सोसायट्या, घाटकोपरच्या पंतनगरसारख्या म्हाडाच्या वसाहती, झोपडपट्ट्या यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत आणि त्यांचे हिशेब वेगळे. पण साध्या खासगी प्लॉटचा पाया हा तक्ताच आहे.

आता यातली पहिली पायरी नीट बघा. रस्ता साडेआठ मीटरचा असेल, तर निर्देशांक १. नऊ मीटरचा झाला, की २. अर्ध्या मीटरला, म्हणजे दोन-सव्वादोन वितींना, बांधकामाचा हक्क दुप्पट. त्यापुढे १२ मीटरचा रस्ता १८ चा झाला तरी वाढ दोन दशांशांचीच. म्हणून उपनगरांतली खरी लढाई या नऊ मीटरच्या उंबरठ्यावर आहे.

१२.२० आणि १८.३० हे आकडे असे विचित्र का, असं विद्यार्थी मला नेहमी विचारायचे. ते जुन्या फुटांचे मीटर आहेत. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, ६० फूट म्हणजे १८.२९ मीटर. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता ४५.७ मीटर रुंद, म्हणजे १५० फुटी. आणि आपली अडचणीत सापडलेली गल्ली सहा मीटरची का असते? कारण कोणीतरी कधीतरी ती २० फुटांची आखली होती.

रुंदीचा संबंध घराच्या वापराशीही आहे. कुठे निव्वळ राहायचं, कुठे तळमजल्यावर दुकान चालेल, कुठे दवाखाना किंवा शिकवणीवर्ग चालेल, हे झोनचे नियम ठरवतात. १९९१ च्या नियमावलीत रहिवासी झोनचे आर-१ आणि आर-२ असे दोन भाग होते. दुसऱ्यात दुकानांची रांग चालत असे. त्यातही रस्ता किती रुंद, हे पाहिलं जाई. झोन हे कायमचं कुंकू नसतं, हेही आपण पाहिलेलं आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जिथे कारखान्यांचे भोंगे वाजायचे, तिथे औद्योगिक झोनचा रहिवासी वापर होऊन आज मनोरे आणि मॉल उभे आहेत. निर्णय कागदावरचा असतो, पण त्याने एका पिढीत अख्ख्या वस्तीचा चेहरा बदलतो.

रस्त्याचा खर्च कोणी द्यायचा?

हा प्रश्न मुंबईला पहिल्यांदा जोरात पडला तो १८९६ च्या प्लेगनंतर. दाट वस्तीत हवा नाही, उजेड नाही, म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने घरं पाडून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सिडनहॅम रोड म्हणजे आजचा मोहम्मद अली रोड काढला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनी घेऊन तिथे आखीव वस्ती वसवली. ट्रस्टची पद्धत अशी, की जमीन आधी विकत घ्यायची, रस्ते करायचे आणि मग प्लॉट भाड्याने द्यायचे. काम चांगलं झालं, पण भरवस्तीत जमीन विकत घेऊन रस्ता काढणं किती महाग पडतं, हेही सरकारला कळून चुकलं.

तेव्हा दुसरा मार्ग शोधला गेला. मुंबई सरकारचे सल्लागार सर्व्हेअर ए. ई. मिराम्स यांनी त्यात पुढाकार घेतला आणि १९१५ साली मुंबई नगररचना कायदा झाला. जर्मनीत फ्रँकफर्टचे महापौर आडिकेस यांच्या नावाने ओळखला जाणारा असाच कायदा १९०२ साली झाला होता. जपाननेही हीच पद्धत पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली.

पद्धत अशी. एका भागातल्या सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यातून रस्ते, बागा, शाळा यांच्या जागा बाजूला काढायच्या. मग प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा, थोडा लहान पण आखीव, रस्त्याला लागून असलेला प्लॉट परत द्यायचा. जमीन कमी झाली, पण तिला रस्ता मिळाला, म्हणून किंमत वाढली. या वाढीतला जास्तीत जास्त अर्धा हिस्सा मालकाने योजनेच्या खर्चाला द्यायचा. समजा, एका तुकड्याची किंमत १०० रुपये होती आणि योजनेनंतर १६० झाली. वाढ ६० ची, तर जास्तीत जास्त ३० रुपये योजनेला. बाकीचे ३० मालकाचे.

मला हा हिशेब फार सरळ वाटतो. ज्याला रस्त्याचा फायदा, त्याने फायद्यातूनच रस्त्याचा खर्च द्यायचा, आणि तो पैसा त्याच रस्त्यावर, त्याच गटारावर खर्च व्हायचा. योजनेचा नकाशा आणि योजनेचा जमाखर्च एकाच फायलीत. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले, बोरिवली, घाटकोपर इथे अशा योजना झाल्या. बोरिवली पश्चिमेला बाभईच्या बाजूला 'टी.पी.एस. रोड' आहे. तिथून रोज जाणाऱ्या कितीजणांना माहीत असेल, की टी.पी.एस. म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम? तुमच्या सोसायटीच्या कागदांवर 'फायनल प्लॉट नंबर' लिहिलेला असेल, तर तुमची जमीन अशाच एखाद्या योजनेतून आलेली आहे.

योजना झाल्या तिथे रस्ते आखीव आले. जिथे झाल्या नाहीत, तिथे गावठाणातल्या पायवाटा, शेताचे बांध आणि खासगी जमीनदारांनी प्लॉट पाडताना सोडलेल्या गल्ल्या हेच रस्ते झाले. अंधेरी आणि घाटकोपर मुंबई महापालिकेत आले १९५० साली. बोरिवली आणि मुलुंड आले १९५७ साली, हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हा. म्हणजे महापालिकेच्या हाती ही उपनगरं आली तेव्हा त्यांच्या बऱ्याच गल्ल्या आधीच पडून गेलेल्या होत्या.

पैशाऐवजी चटई

मग ही सरळ पद्धत मागे का पडली? तिच्यात वेळ फार जाई. लवाद नेमायचा, प्रत्येक मालकाचं म्हणणं ऐकायचं, मग अपील, मग कोर्ट. योजना पुरी होईपर्यंत रुपयाची किंमत घसरलेली असे आणि ठरलेल्या वर्गणीत काम भागत नसे. पद्धत कायद्यात आजही आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातही वाढीव किमतीच्या निम्म्याची मर्यादा कायम आहे. शेजारच्या गुजरातने ती सोडली नाही. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड अशाच योजनांच्या आधाराने झाला. आपल्याकडे नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात, 'नैना'मध्ये, सिडकोने ती पुन्हा हाती घेतली आहे. मुंबईने मात्र वेगळी वाट धरली.

मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६० च्या दशकात झाला. त्यात रस्ते, मैदानं, शाळा यांच्यासाठी जमिनींवर आरक्षणं टाकली. जमीन घ्यायची ती रोख भरपाई देऊन. जमिनीचे भाव चढत गेले, पालिकेचा पैसा पुरेना, आणि बरीच आरक्षणं नकाशावरच राहिली. यावर १९९१ च्या नियमावलीने टीडीआरचा तोडगा काढला. रस्त्यासाठी जमीन द्या, रोख मागू नका. त्याऐवजी विकास हक्काचं प्रमाणपत्र घ्या आणि ते दुसऱ्या विकासकाला विका. पालिकेची तिजोरी न उघडता रस्त्याची जमीन मिळू लागली. खर्चाचं नाणं बदललं. रुपयाऐवजी चटई.

पण चटई कुठेतरी अंथरावी लागतेच. १९९१ च्या नियमांत टीडीआर शहर भागात वापरायला मनाई होती, आणि तो जिथे निर्माण झाला त्याच्या उत्तरेला वापरायचा होता. म्हणजे ओझं सरकत जायचं ते उपनगरांकडे. त्या नियमांत एक शहाणपणही होतं. पश्चिम रेल्वेचे रूळ आणि स्वामी विवेकानंद मार्ग यांच्यामधला पट्टा, रूळ आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांच्यामधला पट्टा, मध्य रेल्वेचे रूळ आणि लाल बहादूर शास्त्री मार्ग यांच्यामधला पट्टा, हे आधीच गच्च भरलेले म्हणून तिथे टीडीआर वापरायला बंदी होती. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनातून आलेल्या टीडीआरसाठी ती सैल झाली. पुढे २०१६ च्या धोरणात टीडीआरची मोजणी रेडी रेकनरच्या दराशी जोडली, म्हणजे महाग भागात वापरायचा तर तो कमी भरतो. ही सुधारणा चांगली होती. पण मूळ गोष्ट तीच राहिली. एका ठिकाणच्या रस्त्याचा खर्च दुसऱ्याच ठिकाणच्या गल्लीने, तिथल्या पाण्याने, तिथल्या गटाराने आणि पार्किंगने फेडायचा.

नऊ मीटरच्या अलीकडे अडकलेले

काही काळापूर्वी अंधेरी पूर्वेच्या एका सोसायटीने सर्वसाधारण सभेत माहिती द्यायला मला बोलावलं होतं. तळमजला अधिक तीन मजले, सोळा घरं, बहुतेक रहिवासी निवृत्त. जिन्याच्या कठड्याला हात लावायची भीती. गल्ली साडेसात मीटरची. नऊ मीटर व्हायला दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर हवं. या सोसायटीची गल्लीकडची बाजू २० मीटर, म्हणजे द्यायची जमीन अवघी १५ चौरस मीटर. सगळे द्यायला तयार होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "सर, आम्ही दिलं आणि समोरच्यांनी नाही दिलं, तर गल्ली सव्वाआठचीच राहणार ना?"

त्यांनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. समोरची इमारत अलीकडची, भक्कम. तिला पुनर्विकास नको. तिच्या कुंपणाच्या आत गाड्या उभ्या राहतात आणि दोन नारळ आहेत. तिने पाऊण मीटर का द्यावं?

कायद्याचं उत्तर असं. मुंबई महापालिका अधिनियम १८८८ चा आहे. त्याच्या कलम २९७ खाली आयुक्त रस्त्याची 'नियमित रेषा' आखतात. आधीची रेषा बदलून नवी आखायची, तर जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात आणि महापालिकेची मंजुरी घ्यावी लागते. रेषा ठरली, की कलम २९८ प्रमाणे त्या रेषेत येणारी इमारत पुन्हा बांधताना मागे सरकावी लागते. रेषेतली मोकळी जागा, ओटा किंवा पायरी असेल, तर कलम २९९ खाली पालिका नोटीस देऊन ती ताब्यात घेऊ शकते. भरपाईची तरतूद आहे. उपनगरांत मालकाला रोख भरपाईऐवजी दिलेल्या जमिनीच्या दुप्पट विकास हक्क घेता येतो. म्हणजे सोसायटीच्या १५ चौरस मीटरच्या बदल्यात ३०. पण या सगळ्याची सुरुवात रेषेपासून होते. गल्लीची रेषा नऊ मीटरवर ठरलेली नसेल, तर एकट्या सोसायटीच्या मोठ्या मनाने फारसं काही होत नाही. म्हणून त्या आजोबांना मी एवढंच सांगितलं, की आधी आपल्या गल्लीची रेषा कुठे आहे ते बघा, आणि अर्ज एका सोसायटीचा नको, दोन्ही बाजूंच्या सगळ्यांचा मिळून करा.

२०१८ च्या नियमावलीनंतर महापालिकेने नऊ मीटरहून अरुंद रस्त्यांच्या नव्या रेषा आखायचं काम हाती घेतलं, तेव्हा हे सगळं बिल्डरांसाठी चाललं आहे, अशी टीका झाली. माझ्या मते टीका अर्धी खरी आहे. नऊ मीटरचा आग्रह उगाच नाही. उंच इमारतीपाशी अग्निशमन दलाची गाडी पोचली पाहिजे, वळली पाहिजे, आणि तरीही बाजूने रुग्णवाहिका जायला वाट हवी. दुसरीकडे, रेषा नकाशावर सरळ असली तरी जमिनीवर ती करवतीसारखी उमटते. पुनर्विकास झालेली इमारत मागे सरकते, शेजारची तिथेच राहते. मधल्या खोबणीत गाड्या उभ्या राहतात. गल्लीचा नकाशा नऊ मीटरचा, चालायची जागा पूर्वीएवढीच. आणि बांधकाम मात्र दुप्पट होऊन गेलेलं असतं.

खर्चाची बाकी बिलं

जमिनीचा हिशेब झाला. पण रस्ता म्हणजे फक्त जमीन नव्हे. खडी, काँक्रीट, दिवे आणि पोटातलं गटार हेही आलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. रस्त्याखालची वाहिनी रस्त्याइतकीच महत्त्वाची असते, हे त्या दिवशी उपनगरांना कळलं.

हा खर्च कोण देतं? गल्ली खासगी असेल, तर कायदा अजूनही जुनाच आहे. कलम ३०५ खाली आयुक्त त्या गल्लीला लागून असलेल्या मालकांना नोटीस देऊन सांगू शकतात, की रस्ता सपाट करा, फरसबंदी करा, गटार काढा, दिवे लावा. त्यांनी केलं नाही, तर पालिका ते करून खर्च वसूल करू शकते. सगळं नीट झालं, की कलम ३०६ प्रमाणे ती गल्ली सार्वजनिक जाहीर करता येते आणि पुढची देखभाल पालिकेकडे जाते. उपनगरांतल्या कितीतरी लेआउटमधल्या गल्ल्या या दोन कलमांच्या मध्ये लोंबकळत असतात. खड्डा बुजवा म्हणून विभाग कार्यालयात गेलं, की 'रस्ता आमच्या ताब्यात नाही' असं उत्तर मिळतं, त्याचं मूळ इथे आहे.

सार्वजनिक रस्त्याचा खर्च सगळ्यांच्या पैशातून होतो. मालमत्ता कराच्या बिलात सर्वसाधारण कर, जल, मलनि:सारण, शिक्षण, वृक्ष अशा नोंदींबरोबर 'पथकर' अशी एक ओळ असते. तोच हा रस्त्याचा वाटा. २०१० पासून हा कर घराच्या भांडवली मूल्यावर आकारला जाऊ लागला. जानेवारी २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो पूर्ण माफ झाला. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा मिळाला, हे चांगलंच. २०१७ मध्ये जकात गेली आणि तिच्या जागी सरकारी भरपाई आली. अशा वेळी बांधकाम परवानगीतून मिळणारा प्रीमियम आणि विकास शुल्क हे पालिकेचं मोठं आधारस्थान झालं.

दुसरीकडे खर्च बघा. जानेवारी २०२३ मध्ये सुरुवात झालेल्या रस्ते काँक्रीटीकरणाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची कंत्राटं होती. सरासरी किलोमीटरला १५ कोटी. पाच कंत्राटांपैकी चार उपनगरांची होती. काँक्रीट टिकतं, खड्डे कमी होतात, हे खरं. पण नव्या रस्त्याची पातळी जरा वर आली, की जुन्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरतं. त्या तळमजल्यावरच्या माणसाने रस्ता सुधारण्याची किंमत आपल्या फर्निचरमधून भरलेली असते, आणि ती कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. १९१५ च्या पद्धतीत वाढलेल्या किमतीतला वाटा त्याच योजनेच्या रस्त्यावर खर्च व्हायचा. आजच्या पद्धतीत तुमच्या गल्लीत निर्देशांक १ चा २ होतो, त्यासाठी भरलेला प्रीमियम मोठ्या तिजोरीत जातो आणि तिथून कुठे जातो ते गल्लीला कळत नाही. २०२१ मध्ये सरकारने बांधकाम व्यवसायाला उभारी देण्यासाठी वर्षअखेरपर्यंत प्रीमियम निम्मे केले. खरेदीदाराचं मुद्रांक शुल्क विकासकाने भरायचं, ही त्याची अट होती. घर घेणाऱ्याचा विचार झाला. पण ज्या गल्लीत ती घरं उभी राहिली, तिथल्या जुन्या वाहिनीचा विचार त्या आदेशात कोणी केला?

माझं म्हणणं एवढंच आहे. रुंदीनुसार बांधकामाचा हक्क देणं चुकीचं नाही. पण ज्या गल्लीवर दुप्पट चटई अंथरली जाते, त्या गल्लीतून मिळालेल्या प्रीमियमचा ठरलेला भाग तिथल्याच गटारावर, पाण्यावर, पदपथावर खर्च व्हावा. आणि रेषा आखताना सुट्या इमारतींऐवजी अख्खी गल्ली एक योजना म्हणून पाहावी. शंभर वर्षांपूर्वी टी.पी.एस. मध्ये नेमकं हेच होतं.

आपल्या हातात काय?

लोक म्हणतात, हे निर्णय वरच होतात. पूर्ण खरं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या आराखड्याचा पहिला मसुदा आला. त्यात काही रेल्वे स्थानकांभोवती ८ पर्यंत निर्देशांक सुचवला होता, आणि रस्त्यांच्या व वास्तूंच्या नोंदींत ढोबळ चुका होत्या. हजारो नागरिकांनी लेखी हरकती घेतल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा मागे घ्यायला लावला आणि तो नव्याने करावा लागला. ही ताकद हरकतींच्या कागदांची होती.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सदस्यांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार चालला. विचारायला नगरसेवक नाही म्हणजे काय होतं, ते उपनगरांनी त्या काळात अनुभवलं. पण तेव्हाही हरकतीचा मार्ग बंद नव्हता. आराखड्यात किंवा झोनमध्ये फेरबदल करायचा, तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली पालिकेला सूचना प्रसिद्ध करून महिनाभर हरकती घ्याव्या लागतात. नियमित रेषेचंही तसंच.

तेव्हा सोसायटीने तीन कागद हाताशी ठेवावेत. पहिला, आपल्या प्लॉटचा डी.पी. रिमार्क. त्यातून झोन, आरक्षण आणि आराखड्यातला रस्ता कळतो. तो महापालिकेकडून रीतसर मिळतो. दुसरा, समोरच्या रस्त्याच्या नियमित रेषेचा अभिप्राय. तिसरा, गल्ली सार्वजनिक आहे की खासगी, याचा लेखी खुलासा. विकासकाशी बोलणी सुरू होण्याआधी हे तीन कागद सभेत वाचून दाखवावेत. जागा किती मिळणार हे विकासक सांगेलच. गल्लीला काय मिळणार, हे आपण विचारायचं.

आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात 'नियमित रेषा' किंवा 'फेरबदल' असा मथळा दिसला, तर पान उलटू नका. रस्त्याचं नाव वाचा. आपला असेल, तर टेप घेऊन खाली उतरा आणि गल्ली दोन-तीन ठिकाणी मोजा. समोरच्या सोसायटीच्या चिटणीसांनाही बोलवा. मग हरकत असो की सूचना, मुदतीच्या आत लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.